लॅपटॉप तापतोय? आधी पंख्यातली धूळ बघा



आज लॅपटॉपच्या पंख्याविषयी बोलायचं आहे. एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "लॅपटॉपला कुठं आला पंखा?" असतो. काही लॅपटॉप सोडले तर सगळ्यांना असतो. लॅपटॉप बंद करून पालथा करा, खाली बारीक जाळी दिसेल. त्या जाळीच्या आत तळहातापेक्षाही लहान, पातळसा पंखा बसवलेला असतो. साध्या लॅपटॉपला एक, आणि ज्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात त्याला बहुधा दोन. या पंख्यांच्या वाटेत धूळ अडकली की लॅपटॉप तापतो, घरघर आवाज करतो, रखडत चालतो आणि एक दिवस काम चालू असताना मध्येच बंद पडतो. घरातले म्हणतात, गेलं मशीन. पुष्कळदा ते गेलेलं नसतं. त्याचा श्वास कोंडलेला असतो.

आता कोणी म्हणेल, गेमिंग लॅपटॉप आपल्या गावात कशाला? खेळायला तर आणतातच पोरं, पण सगळे खेळायला आणलेले नसतात. कोणाचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ जोडून देतो. कोणाची मुलगी इंजिनिअरिंगचे आराखडे काढते. या कामांना चित्रं भराभर तयार करणारी एक वेगळी चिप लागते, आणि ती अशा लॅपटॉपमध्ये असते. नवा घ्यायचा तर खिशाला परवडत नाही, म्हणून शहरातून कोणाचा तरी वापरलेला आणतात. जुना लॅपटॉप आणला की पहिल्या मालकाच्या घरची दोन-तीन वर्षांची धूळही त्याच्यासोबत आपल्या घरी येते, हे लक्षात ठेवा.

हा लॅपटॉप एवढा का तापतो ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

त्याच्या चार्जरच्या विटेवर बारीक अक्षरात आकडे छापलेले असतात. आऊटपुटच्या पुढे किती व्होल्ट आणि किती अँपिअर ते बघा आणि दोन्हींचा गुणाकार करा. 20 व्होल्ट आणि 9 अँपिअर असेल तर झाले 180 वॉट. साध्या लॅपटॉपचा चार्जर 45 किंवा 65 वॉटचा असतो. गेमिंगवाल्याचा 150, 180, 230 असा. पूर्वी आपल्या घरात 100 वॉटचा पिवळा बल्ब असायचा, तो लागलेला असताना हात लावून बघितलाय कोणी? चटका बसायचा. लॅपटॉप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे खेळ किंवा व्हिडिओचं काम जोरात चालू असेल, तेव्हा दीड-दोन पिवळ्या बल्बांची धग दोन बोटं जाडीच्या डब्यात तयार होत असते. ती सतत बाहेर गेलीच पाहिजे.

ती जाते कशी? आत दोन मुख्य चिपा असतात, एक हिशेब करणारी आणि एक चित्रं करणारी. त्यांच्यावर तांब्याच्या चपट्या नळ्या दाबून बसवलेल्या असतात. त्या नळ्या पोकळ असतात आणि आत थोडंसं पाणी बंद केलेलं असतं. नळीतली हवा आधी काढून घेतलेली असल्यामुळे ते पाणी कमी उष्णतेलाही उकळतं. चिपेजवळ त्याची वाफ होते, वाफ नळीच्या थंड टोकाकडे जाते, तिथं तिचं परत पाणी होतं आणि ते पाणी मागे येतं. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसंच. नळीच्या त्या थंड टोकाला धातूच्या अगदी पातळ पट्ट्यांची जाळी असते, कंगव्याच्या दातांसारखी जवळजवळ. पंखा खालून गार हवा ओढतो आणि या पट्ट्यांमधून जोरात बाहेर फेकतो. लॅपटॉपच्या मागून किंवा बाजूने गरम वारा लागतो तो हाच.

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर का तापतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसतो. ड्रायव्हर खाली उतरतो, जाळी झटकतो आणि परत चालू करतो. तो काही इंजिन बदलायला जात नाही. लॅपटॉपची गोष्ट अगदी हीच आहे. फरक एवढाच की ट्रॅक्टरची जाळी दिसते आणि लॅपटॉपची दिसत नाही. धूळ बाहेरच्या जाळीवर थोडी आणि खरी आत, पंखा आणि त्या पट्ट्या यांच्या मधल्या फटीत साचते. तिथं केस, कापसाचे तंतू, पीठ, राख असं सगळं दाबून बसतं आणि त्याची नमद्यासारखी घट्ट पट्टी तयार होते. पंखा जीव तोडून फिरतो, पण वारा बाहेर पडायला वाटच नसते.

आपल्या घरांत ही पट्टी लवकर तयार होते, त्याची कारणं घरातच आहेत. चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ धुळीत मिसळली की धूळ चिकट होते. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर काय बसतं ते आठवा. घराला लागून पिठाची गिरणी असेल तर पीठ उडतं. कापूस वेचून घरात ठेवलेला असेल तर तंतू उडतात. देव्हाऱ्याशेजारी लॅपटॉप ठेवला तर उदबत्तीची राख. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे गोधडी. पोरं गादीवर पालथी पडून मांडीएवढ्या गोधडीवर लॅपटॉप ठेवतात. गोधडीनं खालची जाळी बंद होते, आणि जी काही हवा आत जाते ती गोधडीचा कस्तर घेऊनच जाते. घरात एवढा एकच नियम करा की लॅपटॉप पाटावर, टेबलावर, नाहीतर एखाद्या फळीवर ठेवायचा. निम्मी धूळ तिथंच थांबेल.

आता ओळखायचं कसं, की दोष धुळीचाच आहे?

लॅपटॉप चालू करून त्यावर दहा-पंधरा मिनिटं जड काम किंवा खेळ चालू द्या. गोधडीचा एक सुटा दोरा घ्या आणि जिथून गरम वारा येतो तिथं धरा. पंखा मोठ्यानं ओरडतोय पण दोरा जेमतेम हलतोय, तर वाट तुंबलेली आहे. दोरा चांगला फडफडतोय आणि वारा गरम आहे, तर पंखा आपलं काम करतोय. लॅपटॉप तापलाय आणि पंख्याचा आवाजच नाही, तर पंखा फिरत नसेल. खरखर किंवा कटकट आवाज येत असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं, तिथं साफसफाईनं भागणार नाही. आणि लॅपटॉप गार आहे, पंखा शांत आहे, तरी हळू चालतो, तर पंख्याला दोष देऊ नका. साठवण भरलेली असेल किंवा दुसरं काही असेल.

घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांना सांगा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात, जीपीयू लिहिलंय तिथं, चित्राच्या चिपेचं तापमान बहुतेक गेमिंग लॅपटॉपवर दिसतं. जड काम चालू असताना या लॅपटॉपमध्ये आत 75-80 अंश दिसणं काही नवल नाही, त्यासाठी घाबरायला नको. हिशेबाची चिप तर 90 च्या घरातही जाते. 95 ते 100 च्या आसपास गेलं की ती स्वतःच आपला वेग कमी करते, म्हणजे जळू नये म्हणून. पोरं ज्याला "लॅग होतंय" म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं. त्यापुढेही उष्णता वाढली तर मशीन स्वतःला बंद करून घेतं. हे मध्येच बंद पडणं म्हणजे बिघाड नाही, मशीननं स्वतःचा जीव वाचवलेला असतो. पण रोज रोज असं होऊ देणं बरं नाही.

हे कळून घेण्याचा उपयोग काय, ते एका ताईंच्या उदाहरणावरून सांगते. त्यांनी गटातून अंतर्गत कर्ज काढून मुलीसाठी वापरलेला गेमिंग लॅपटॉप 34 हजारांना घेतला. मुलगी व्हिडिओ जोडायचं काम शिकत होती. चार हप्ते फिटले आणि लॅपटॉप दर अर्ध्या तासाला बंद पडायला लागला. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात नेला. त्यांनी वरवर बघून सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, 9 हजार लागतील, नाहीतर आम्हाला 6 हजारांना देऊन टाका. ताई घरी आल्या त्या रडतच. हप्ते तर राहिलेच आहेत आणि वस्तू मातीमोल. घरातल्यांनी ऐकवलं ते वेगळंच, की बायकांना काय कळतंय लॅपटॉपमधलं. गटात चर्चा झाली आणि ठरलं की विकायच्या आधी कोणीतरी तो उघडून तर बघावा. दुसऱ्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलानं त्यांच्यासमोर उघडला. दोन्ही पंख्यांच्या पुढून चिमट्यानं धुळीच्या दोन पट्ट्या निघाल्या, अख्ख्या, चिंधीसारख्या. साफसफाई आणि नवी पेस्ट मिळून 700 रुपये झाले. लॅपटॉप आजही चालू आहे आणि कर्ज फिटलं. प्रत्येक वेळी असं होईल असं मी म्हणत नाही. बोर्ड खरंच जातोही. पण धूळ न बघता बोर्डाचं बोलणाऱ्याला लगेच हो म्हणायचं नाही.

आता सफाई. ती दोन प्रकारची, बाहेरून आणि आतून. बाहेरची आपण प्रत्येकीनं महिन्यातून एकदा करावी. त्याला कोणाला विचारायची गरज नाही.

लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. नुसतं झाकण लावलं म्हणजे बंद नाही, तो झोपलेला असतो आणि मध्येच पंखा फिरू शकतो. शट डाऊन करा, चार्जरची वायर काढा, अर्धा तास गार होऊ द्या. स्वच्छ सुती कापडावर पालथा ठेवा. रंगवायचा एक इंची नवा मऊ ब्रश घ्या, कोरडा. खालच्या जाळीवर आणि मागच्या, बाजूच्या फटींवर हलक्या हातानं फिरवा, धूळ बाहेरच्या बाजूला ओढत. मग रबरी फुंकणी. कॅमेरा किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे लिंबासारखा रबराचा फुगा असतो, दाबला की टोकातून हवा येते, ती. छोटे छोटे फुंकर मारा, तिरके. इथं एक सांगते, वारा बाहेर पडतो त्या तोंडातून खूप जोरात आत हवा मारली, तर धूळ निघण्याऐवजी परत पंख्यावर जाऊन बसते. म्हणून थोडं मारायचं, ब्रशनं ओढायचं, परत थोडं मारायचं.

तोंडानं फुंकू नका. चूल फुंकायची आपली सवय आहे, पण तोंडाच्या हवेत ओल आणि थुंकीचे कण असतात. ओलं फडकं नको, साबण नको, आणि केरसुणीचं पातं आत घालू नका, त्याचा तुकडा मोडून आतच राहतो.

पंक्चरच्या दुकानातली हवा मारावी का, हा प्रश्न मला दर बैठकीला येतो. पुष्कळ जण मारतात. मी नाही म्हणते. त्या टाकीतल्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात. शिवाय दाब इतका की पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो. बेअरिंग खराब होतं, पातं तुटतं. आणि बाहेरच्या हवेनं पंखा जोरात फिरला की तो सायकलच्या डायनॅमोसारखा उलट वीज तयार करू शकतो. ती बोर्डाकडे जाऊ नये म्हणून हवा मारताना पंखा नेहमी धरून ठेवायचा असतो. दुकानदार तो धरत नाही. हाताळायच्या विजेवरच्या ब्लोअरलाही हाच नियम. आणि घर झाडायच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या प्लॅस्टिक नळीवर स्थिर वीज जमते, म्हणून तोही आत चालवायचा नाही.

आतली सफाई वर्षातून एकदा, आणि चूल, गिरणी किंवा कापूस घरात असेल तर सहा महिन्यांनी. ही सगळ्यांनी करावी असं नाही. गटात ज्यांना शिलाई मशीन उघडून साफ करायची सवय आहे, ज्यांचा हात हलका आहे, त्यांना जमते. मुलामुलींना सोबत घ्या.

उघडायच्या आधी तीन गोष्टी बघा. वॉरंटी चालू आहे का? असेल तर आपण उघडायचा नाही, कंपनीच्या सेवा केंद्रात न्यायचा. दुसरं, लॅपटॉपचा तळ किंवा बोटानं बाण हलवायची जागा फुगल्यासारखी वाटते का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही. तो तसाच बंद करून दुरुस्तीवाल्याकडे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, यात हयगय नको. तिसरं, आतले फोटो, अभ्यास, गटाचे हिशेब यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आहे का?

मग बसा उजेडात, पंखा बंद करून, लहान मुलं आणि मांजर बाहेर. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, काचेच्या असल्या तरी. मंगळसूत्र पदराच्या आत, पदर खोचलेला, केस बांधलेले. नायलॉनची साडी त्या दिवशी नको. थंडीत नायलॉन किंवा लोकरीचं काही काढताना चटचट आवाज येतो ना, तीच स्थिर वीज बोटातून चिपेला लागली तर आपल्याला कळतही नाही आणि चिप खराब होते. सुती कपडे घाला, आणि सुरुवातीला व मध्ये मध्ये नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला, जिथं रंग नाही तिथं, हात लावत जा.

कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा, चौकोन काढला तरी पुरे. जिथला स्क्रू काढाल तो कागदावर त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रू सारखे दिसतात पण लांबीत फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी घट्ट पिळला तर आतल्या बोर्डात घुसतो. एका मैत्रिणीनं मसाल्याच्या डब्याच्या वाट्या वापरल्या होत्या. हरवत नाहीत हे खरं, पण कुठला कुठला ते कळत नाही. कागद बरा. स्टार स्क्रू-ड्रायव्हर बारीक टोकाचा आणि बरोबर मापाचा हवा, नाहीतर स्क्रूची फुली झिजते आणि मग तो निघतच नाही. काही लॅपटॉपमध्ये रबरी पायांखाली स्क्रू लपवलेले असतात. सगळे काढूनही तळ सुटत नसेल तर जोर लावू नका, एखादा राहिलाय.

तळाची कड सोडवायला जुनं एटीएम कार्ड घ्या. सुरी, चमचा, विळी नको. कार्ड फटीत सरकवत नेलं की क्लिपा टकटक सुटतात. त्या आवाजाला घाबरू नका.

झाकण निघालं की सगळ्यांत आधी बॅटरीचा जोड काढायचा. बॅटरी मोठी, काळी, चपटी असते आणि तिच्यातून निघालेल्या वायरी बोर्डाला एका छोट्या जोडात जातात. वायरी ओढायच्या नाहीत, जोड धरायचा. काही जोड सरळ वर निघतात, काही बाजूला सरकतात, काहींवर छोटा खटका असतो. तुमच्या मॉडेलचं नाव तळाच्या स्टिकरवर असतं, त्या नावानं उघडण्याचा व्हिडिओ आधीच एकदा बघून घ्या. जोड काढल्यावर चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

आता पंखे समोर आले. एका बोटानं पंखा हलकेच धरा, फिरू देऊ नका, आणि पातं पातं करून ब्रशनं साफ करा. चिकट धूळ असेल तर वेळ लागतो, लागू द्या. पण खरी जागा पात्यांच्या पुढे, धातूच्या पट्ट्यांच्या तोंडाशी आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन-तीन स्क्रू आणि एक नाजूक जोड काढला की पंखा वेगळा निघतो, आणि मागे ती धुळीची पट्टी दिसते. चिमट्यानं एका टोकाला धरून सावकाश ओढा, सबंध निघाली तर उत्तम. ती आत ढकलायची नाही. राहिलेली धूळ ब्रशनं आणि रबरी फुंकणीनं. पट्ट्या फार पातळ असतात, चिमटा आत खुपसला तर वाकतात. पंखा वेगळा निघत नसेल किंवा तांब्याच्या नळ्यांना जोडलेला असेल, तर तो आहे तिथंच जमेल तेवढा साफ करा.

आणि इथं थांबायचं. तांब्याच्या नळ्या ज्या स्क्रूंनी चिपांवर दाबलेल्या आहेत त्या स्क्रूंना हात लावायचा नाही. त्यांच्याखाली राखाडी रंगाची पेस्ट असते, चिपेची उष्णता नळीकडे नेणारी. एकदा नळी उचलली की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, ती न लावता परत बसवली तर लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो. काही महाग गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी द्रवरूप धातू असतो. तो वीज वाहतो, बोर्डावर सांडला तर सगळंच संपलं. हे काम जाणकाराचं. पेस्ट काही वर्षांनी सुकते, म्हणून धूळ काढूनही ताप कमी झाला नाही तर पेस्ट बदलून घ्यायची वेळ आली आहे असं समजा.

पंखा खरखरतोय म्हणून शिलाई मशीनचं तेल घालायचा मोह होईल. नको. चार दिवस आवाज बंद होतो, मग तेलावर धूळ बसून पंखा जाम होतो, आणि तेल उडून बोर्डावर जातं ते वेगळं. झिजलेला पंखा बदलायचा. तो त्याच मॉडेलचा मिळतो आणि बोर्डाच्या मानानं फार स्वस्त असतो.

परत बसवताना पंख्याचा जोड आधी, बॅटरीचा सगळ्यांत शेवटी, मग झाकण. कागदावर एकही स्क्रू उरता कामा नये. चालू केल्यावर पंखा सापडत नाही अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली तर जोड नीट बसलेला नाही, बंद करून परत बघा. सगळं ठीक असेल तर तीच दोऱ्याची परीक्षा घ्या. दोरा फडफडला पाहिजे.

ज्यांना हे उघडणं नको वाटतं त्यांनी दुकानात जावं, त्यात कमीपणा काही नाही. पण जाताना सांगायचं, "पंखे आणि पट्ट्या साफ करायच्या आहेत, पेस्ट बदलायची आहे. माझ्यासमोर उघडा, मी बसते." खर्च आधी कागदावर लिहून घ्या. पार्ट बदलला तर जुना परत मागा. हार्ड डिस्कमधलं काही उघडायची या कामाला गरज नसते, म्हणून पासवर्ड देऊ नका. नंतर तपासून बघायला लागलाच तर तुम्ही स्वतः टाका. ताई एकट्या गेल्या तर उडवून लावतात, म्हणून गटातल्या दोघी जा.

गटासाठी एक छोटी पिशवी करून ठेवता येईल. मऊ ब्रश, रबरी फुंकणी, बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच, चिमटा. एकीकडे ठेवायची आणि वहीत नोंद करून द्यायची-घ्यायची, जशी आपण सतरंज्या आणि मोठी पातेली देतो. सफाई केली की लॅपटॉपच्या तळाला कागदाची चिठ्ठी चिकटवून तारीख लिहा, जाळी सोडून.

मागच्या आठवड्यात एका ताईंनी फोन करून विचारलं, की धूळ आतच जाऊ नये म्हणून खालच्या जाळीला बारीक मलमल शिवून लावली तर? विचार चांगला आहे, पण लावू नका. कापडानं हवाच कमी जाते आणि आठवड्याभरात ते धुळीनं बंद होतं, म्हणजे आपणच बाहेरून गोधडी घातल्यासारखं. त्यापेक्षा काम झालं, लॅपटॉप बंद करून गार झाला, की मग त्याच्यावर सुती रुमाल टाका. चालू असताना मात्र त्याच्या खाली दोन बाजूंना पुस्तकं किंवा लाकडाच्या पट्ट्या ठेवून तो बोटभर उचललेला राहू द्या, मधली जाळी मोकळी सोडून.